आवाज एकीकडे, दोष दुसरीकडे: लहान एअर कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीत या चुका टाळा

हातात पिशवी घेऊन गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं की पिशवीत काय असणार, हे मला बहुतेक वेळा आधीच कळतं. नवा कोरा प्रेशर स्विच. कधीकधी तो तिसरा असतो.

"दादा, स्विचातून हवा जाते. दोन बदलले, तरी थांबत नाही."

"कधी जाते? मोटर चालू असताना, की बंद झाल्यावर?"

इथे समोरचा गप्प होतो. स्विच बदलायला त्याने दोनदा पैसे घातले, पण हवा नेमकी कधी जाते हे पाहायला दोन मिनिटं दिली नाहीत. कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीतली सगळ्यात महागडी चूक हीच. जिथून आवाज येतो तोच पार्ट खराब, असं धरून चालायचं आणि तो बदलायचा.

चिपळूणला हायवेच्या कडेला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पंक्चरवाल्यांचे, गॅरेजवाल्यांचे, फर्निचरला स्प्रे मारणाऱ्यांचे कॉम्प्रेसर येतात. एक ते तीन एचपीचे, ४५ ते १६० लिटरच्या टाकीचे, बहुतेक बेल्टवर चालणारे. हल्ली मोटरलाच पंप जोडलेले छोटे 'ऑइल-फ्री'ही बरेच दिसतात. खाली लिहितो आहे ते याच मापाच्या मशीनबद्दल.

फुस्स

टाकी भरली की प्रेशर स्विच मोटर बंद करतो. त्याच क्षणी स्विचाच्या पोटातली एक छोटी पिन दाबली जाते आणि हेडपासून (पंपाच्या सिलिंडरवरचं झाकण) टाकीपर्यंतच्या नळीत कोंडलेली हवा 'फुस्स' करून बाहेर जाते. दोन-तीन सेकंदांचा खेळ. हे झालं नाही तर पुढच्या वेळी मोटरला पिस्टनच्या डोक्यावर दाब घेऊनच फिरायला सुरुवात करावी लागेल. म्हणून तो फुस्स आवाज म्हणजे मशीनची तब्येत ठीक असल्याची खूण. नवीन माणूस त्यालाच लीकेज समजतो आणि स्विचाच्या भोकात खिळा ठोकतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता तो आवाज थांबलाच नाही, मोटर बंद होऊन पाच मिनिटं झाली तरी हवा येतेच आहे आणि गेजचा काटा उतरतो आहे, तर गुन्हेगार स्विच नाही. टाकीच्या तोंडाशी पितळी एनआरव्ही असतो, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. स्विचाकडे जाणारी बारीक नळी याच एनआरव्हीच्या हेडकडच्या बाजूला जोडलेली असते. एनआरव्ही नीट बसत नसेल तर टाकीतली हवा उलटी येते, बारीक नळीतून स्विचापर्यंत पोचते आणि उघड्या पिनेतून बाहेर पडते. स्विच बिचारा आपलं काम करत असतो. तुम्ही दहा स्विच बदला, हवा जाणारच.

याच्या उलट, मोटर चालू असताना स्विचातून हवा जात असेल आणि मोटर थांबल्यावर बंद होत असेल, तर मात्र ती पिन किंवा तिचा रबर खराब आहे. आणि फुस्स आवाजच येत नसेल तर पिन दाबलीच जात नाही, किंवा बारीक नळी काजळीने बुजली आहे. तीन तऱ्हा, तीन वेगळे दोष, आणि ओळखायला पाना हातात घ्यायचीही गरज नाही.

एनआरव्ही उघडण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा. गेजवर शून्य दिसतं एवढ्यावर विश्वास ठेवू नका, काटा अडकलेला असू शकतो. खालचा ड्रेन कॉक पूर्ण उघडा, त्यातून येणारी हवा थांबली की मग पाना लावा. आत एक रबरी किंवा टेफलॉनची चकती आणि एक हलकी स्प्रिंग मिळेल. हेडकडून उडालेला काजळीचा कण चकतीखाली अडकलेला असतो, नाहीतर चकती उष्णतेने कडक होऊन तिच्यावर खोल वळ पडलेला असतो. कण असेल तर पुसा, वळ असेल तर चकती बदला. चकती जिथे टेकते ती बैठक कानशीने घासू नका आणि स्प्रिंग ताणून "जोर वाढवू" नका.

कधीकधी चकतीखाली काजळी नसते, पांढरा धागा असतो. टेफलॉन टेपचा. गेल्या वेळी कुणीतरी आट्यांच्या टोकापर्यंत टेप गुंडाळली, जोडणी आवळताना ती आत कापली गेली आणि हवेबरोबर वाहत येऊन व्हॉल्व्हमध्ये बसली. टेप लावताना पुढचा एक-दीड आटा मोकळा सोडायचा आणि जोडणी ज्या दिशेने आवळली जाते त्याच दिशेने टेप गुंडाळायची. उलटी गुंडाळली की आवळताना ती सुटून गोळा होते.

स्विचाबद्दल आणखी एकच. आतला मोठा स्प्रिंगचा नट आवळला की मोटर जास्त दाबावर बंद होते, हे सगळ्यांना कुठून तरी कळलेलं असतं. ट्रकच्या टायरला हवा कमी पडते म्हणून लोक तो आवळत जातात. टाकी, पंप आणि मोटर यांची ताकद पाट्यांवर लिहिलेली असते. ८ बारची टाकी (म्हणजे साधारण ११६ पीएसआय) स्विच आवळल्याने १० बारची होत नाही. शिवाय ते झाकण उघडल्यावर आत उघड्या तारा असतात. प्लग काढल्याशिवाय तिथे हात नाही.

मोटर 'हूं' करते, पण फिरत नाही

हे ऐकलं की दहातले नऊजण म्हणतात, कंडेन्सर गेला. (पुस्तकात कपॅसिटर म्हणतात, आमच्याकडे कंडेन्सरच.) जातो, नाही असं नाही. पण आधी तीन गोष्टी पाहा, आणि याच क्रमाने पाहा.

स्विच बंद करून टाकी रिकामी करा आणि पुन्हा चालू करा. रिकाम्या टाकीवर मोटर सहज उठली तर पंप आणि मोटर जाम नाहीत. मग बहुधा वर सांगितलेली फुस्सची गोष्ट बिघडली आहे आणि मोटर दाबाविरुद्ध उठायचा प्रयत्न करते आहे. रिकाम्या टाकीवरही उठली नाही तर प्लग काढून फ्लायव्हील, म्हणजे पंपाचं मोठं चाक, हाताने फिरवा. ते चढ-उतार देत फिरायला हवं. अडकलं तर दोष पंपात. फिरलं तर बेल्ट काढून मोटर एकटी चालवून पाहा. एकटीही उठली नाही, तर मग कंडेन्सरकडे वळा.

कंडेन्सरला हात लावण्याआधी तो मोकळा करावा लागतो. प्लग काढल्यावरही त्यात झटका शिल्लक असतो. जुन्या पद्धतीचा २३० व्होल्टचा तारेचा बल्ब होल्डरमध्ये लावून त्याच्या दोन वायरी कंडेन्सरच्या टोकांना काही सेकंद टेकवल्या की काम होतं. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची हौस सोडा.

बऱ्याच सिंगल फेज मोटरवर दोन कंडेन्सर असतात. सुरुवातीचा काळ्या प्लास्टिकच्या डब्याचा, मायक्रोफॅरडचा आकडा मोठा, पण तो सर्किटमध्ये फक्त क्षणभर राहतो. चालू राहणारा बहुधा अॅल्युमिनियमच्या डब्याचा असतो, आकडा लहान आणि व्होल्टेज ४४० च्या आसपास. दुकानात आकडा जुळला म्हणून सुरुवातीचा कंडेन्सर चालू राहणाऱ्याच्या जागी बसवला, तर तो काही मिनिटांत फुगतो आणि फुटतो. आणि "थोडा मोठा टाकला तर मोटरला जोर येईल" हे निव्वळ खोटं. चालू राहणारा मोठा बसवला तर वाइंडिंग तापतं. जुन्यावर जे छापलं आहे तेच घ्या.

सुरुवातीचा कंडेन्सर दर दोन महिन्यांनी उडत असेल, तर दोष कंडेन्सरच्या कंपनीचा नाही. मोटरच्या मागच्या झाकणात सेंट्रीफ्यूगल स्विच असतो. मोटर वेगात आली की तो कंडेन्सरला बाजूला काढतो. त्याचे पॉइंट चिकटले किंवा आत लाकडाचा भुसा गेला की तो सुटत नाही, आणि क्षणभरासाठी बनवलेला कंडेन्सर तासभर राबतो. पुन्हा तेच. मरतो एक, मारतो दुसरा.

वायर हा तर कुणाच्या ध्यानीमनी नसलेला दोष. २ एचपीची मोटर चालताना दहा अँपिअरच्या आसपास घेते, उठताना मात्र चारपट-पाचपट. समजा २० मीटरची १ चौरस मिलिमीटरची तांब्याची एक्स्टेंशन वायर लावली. जाऊन-येऊन ४० मीटर, रोध सुमारे ०.७ ओहम. ४० अँपिअरला त्या वायरीतच २८ व्होल्ट खलास. गावात संध्याकाळी मुळातच २०० व्होल्ट येत असतील, तर मोटरच्या वाट्याला उरतात १७२. ती हूं करणार नाही तर काय करणार? २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली की हीच गळती ११-१२ व्होल्टवर येते. त्याहून चांगलं म्हणजे वायर आखूड ठेवा आणि हवेची नळी लांब करा.

ओव्हरलोडचं, म्हणजे भार जास्त झाला की मोटर तोडणारं, लाल बटण सारखं पडतं म्हणून ते वायरीने जोडून टाकणारेही भेटतात. त्यांची मोटर नंतर रिवाइंडिंगला जाते, ते वेगळं सांगायला नको.

हेड उघडताना

टाकी भरायला वेळ लागतो, हेड नेहमीपेक्षा जास्त तापतं, मोटर थांबायचं नाव घेत नाही. आता हेड उघडायचं का? थांबा. मशीन चालू असताना एअर फिल्टर काढून त्याच्या तोंडापासून थोड्या अंतरावर तळहात धरा. हवा फक्त ओढली जायला हवी. हातावर उलटे फटके बसत असतील तर हवा आत घेणारी पत्ती, म्हणजे हेडमधल्या व्हॉल्व्हचं पातळ पान, बसत नाही. उलटी हवा नाही, पण दाब चढत नाही आणि हेड नेहमीपेक्षा जास्त तापतं, तर बाहेर सोडणारी पत्ती किंवा गॅस्केट. आणि क्रँककेसच्या (पंपाच्या खालच्या तेलाच्या पेटीच्या) ब्रीदरमधून, म्हणजे तिच्या श्वासाच्या भोकातून, फुकफुक हवा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. एवढं कळलं की कुठला पार्ट मागवायचा तेही कळतं, आणि पूर्ण किटचे पैसे वाचतात.

हेड उघडलं की पहिलं काम मोबाईलने फोटो काढायचं. कुठली पत्ती वर, कुठली खाली, पत्तीला अडवणारा स्टॉपर कुठल्या बाजूला, हे दोन दिवसांनी पार्ट आल्यावर कुणाच्याही लक्षात राहत नाही. आत घेणारी पत्ती सिलिंडरच्या बाजूला, बाहेर सोडणारी वरच्या बाजूला, ही नेहमीची रचना. उलटी बसवली तर मशीन सुंदर चालेल आणि हवा शून्य देईल.

पत्ती म्हणजे ब्लेडसारखं पातळ स्प्रिंग स्टील. तिच्यावर गंजाचा ठिपका असेल, कडा उडाली असेल किंवा काचेवर ठेवल्यावर ती डुगडुगत असेल, तर बदला. पालथी करून वापरायचा मोह होतो. ती जुन्या बाजूला वळलेली असते, बैठकीवर नीट बसत नाही आणि महिन्याभरात तुटते. तुटलेला तुकडा सिलिंडरमध्ये पडला की दोनशे-चारशेचं काम काही हजारांवर जातं. व्हॉल्व्ह प्लेटवरची काजळी पितळी ब्रशने किंवा लाकडी चकतीने काढा, रॉकेलमध्ये भिजवून ठेवली की सुटते. लोखंडी तारेच्या ब्रशने बैठकीवर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यातूनच पुढे हवा निसटते.

गॅस्केटबद्दल मात्र माझं डोकं फिरतं. बाजारात मिळत नाही म्हणून पॅकिंगचा कागद कापून बसवला जातो. कापायला हरकत नाही, मीही कापतो. पण जाडी जुन्याइतकीच हवी, आणि मापायची तर जुन्याच्या दबलेल्या कडेवर मापा. पातळ कागद लावला तर पिस्टन वर येऊन प्लेटला टक्कर देतो. जाड लावला तर पिस्टनच्या डोक्यावर जागा वाढते, त्या जागेत हवा नुसती दाबली जाते नि पसरते, टाकीत कमी जाते. पिस्टन आणि रिंगा नव्या असूनही दाब चढत नाही अशी कितीतरी मशीनं या कागदापायी माझ्याकडे आली. आणि वर लाल सिलिकॉन थापायचा नाही. आवळल्यावर तो आतल्या बाजूला ओघळतो, सुकतो, सुटतो आणि पत्तीखाली जाऊन बसतो.

बोल्ट समोरासमोरचे, तीन फेऱ्यांत आवळा. पहिली फेरी हलकी, दुसरी मध्यम, तिसरी पूर्ण. अॅल्युमिनियमच्या सिलिंडरचे आटे नाजूक असतात. लांब पाइप घालून पाना ओढणाऱ्याच्या हातात आट्यांची स्प्रिंग येते. मोटर लावण्याआधी फ्लायव्हील हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. 'टक' ऐकू आली तर पुन्हा उघडा, कितीही कंटाळा आला तरी.

रिंगा बदलल्या तर त्यांची तोंडं एका रेषेत ठेवू नका. तीन असतील तर १२० अंशांवर, म्हणजे वर्तुळाच्या तीन भागांत. रिंगेवर एका बाजूला ठिपका किंवा अक्षर असेल तर ती बाजू वर. प्रत्येक रिंग आधी सुटी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिचं तोंड किती उघडं राहतं ते फीलर गेजने बघा. तोंड पूर्ण मिटत असेल तर तापल्यावर रिंग फुगून सिलिंडर ओरबाडेल. नव्या रिंगा बसल्यावर ड्रेन कॉक उघडा ठेवून अर्धा तास बिनदाबाचं चालवा.

ऑइल-फ्री मशीनला रिंगांचं हे काहीच लागू नाही. त्यात टेफलॉनची वाटी असते, ती सुकीच चालते. "थोडं तेल मारलं की गुळगुळीत होईल" म्हणून सिलिंडरमध्ये तेल किंवा ग्रीस घालणाऱ्यांनी लक्षात घ्या, त्या तेलात वाटीचाच झिजलेला भुसा आणि बाहेरची धूळ कालवून घोटणपेस्ट तयार होते. वाटी बसवताना तिची उभी कड वर, हेडच्या दिशेला.

तेलाचं दूध

"तेल खाली दुधासारखं झालंय, पंप फुटला का?" असा फोन जूनपासून सुरू होतो. पंप फुटलेला नसतो. पंक्चरवाल्याचं मशीन दोन मिनिटं चालतं, वीस मिनिटं बसतं. क्रँककेस कधी नीट तापतच नाही, त्यामुळे हवेतून आलेलं पाणी वाफ होऊन बाहेर न जाता तेलात मिसळत राहतं. त्यात कोकणातला पावसाळा. आणि त्यात भर म्हणजे गाडीचं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल. इंजिन ऑइलमध्ये घाण आणि पाणी धरून ठेवणारी रसायनं मुद्दाम घातलेली असतात. कॉम्प्रेसरमध्ये नेमकं तेच नको असतं, शिवाय त्यांची काजळी पत्त्यांवर जास्त धरते. कॉम्प्रेसरचं तेल वेगळं मिळतं. आपल्याकडच्या उष्णतेत बहुतेक लहान पंपांना व्हीजी १०० ग्रेड चालतं, तरी पंपाच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत असेल ते अंतिम.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा ड्रेन कॉक थोडा उघडा ठेवून मशीन वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. तेल तापतं, ओल निघून जाते. दूध झालेलं तेल मात्र तापवून परत येत नाही, ते बदलायचंच.

हवेबरोबर तेल येतं तेव्हा रिंगांवर संशय घेण्याआधी पाहा: काचेवरच्या लाल ठिपक्याच्या वर तेल भरलंय का? फिल्टर गच्च झालाय का? फिल्टर बुजला की पिस्टन खालून तेल ओढतो. स्प्रे पेंटिंगच्या दुकानात तर रंगाचा धूर फिल्टरमध्येच सुकतो. तिथे मशीन भिंतीच्या पलीकडे ठेवणं हाच खरा उपाय. ब्रीदर अडकला असेल तरी तेल वर चढतं. या तिन्ही गोष्टींना एक रुपया लागत नाही.

मोठी पुली आणि उलटा वारा

"हवा कमी पडते, मोटरला मोठी पुली टाकू का?" मोटर १४४० फेऱ्यांची, तिची पुली ५ इंचांची, पंपाचं चाक १० इंचांचं, म्हणजे पंप मिनिटाला ७२० फेऱ्या. पुली ६ इंचांची केली की ८६४. वीस टक्के वाढ कानाला सुखावते. पण मोटरवरचा भारही त्याच मानाने वाढतो, पत्त्या जास्त वेळा आपटतात, हेड जास्त तापतं. पंपाच्या पाटीवर कमाल फेऱ्या लिहिलेल्या असतात. त्याच्या पुढे जायचं नाही, आणि त्याच्या आत असलात तरी क्लॅम्प मीटर लावून मोटरचे अँपिअर पाहा.

बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण बोटाच्या जाडीइतका दबायला हवा. वीणेच्या तारेसारखा ताणला तर बेअरिंग जातात. जोडीचे दोन बेल्ट असतील तर दोन्ही एकदम बदला, नव्या-जुन्याच्या जोडीत सगळा भार नव्यावर येतो.

थ्री फेजवाल्यांसाठी एक छोटी पण नेहमीची चूक. मोटर दुरुस्त होऊन आली, वायरी जोडल्या, मशीन चाललं, हवाही आली. पण दोन फेज उलटे लागले म्हणून चाक उलटं फिरतं आहे. पिस्टनला फरक पडत नाही. फ्लायव्हीलचे आरे मात्र पंख्यासारखे वळवलेले असतात, सिलिंडरवर वारा मारायला. उलटं फिरलं की वारा सिलिंडरपासून दूर जातो. मग "नवीन गॅस्केट महिन्यात जळलं" म्हणून मालक गॅस्केटवाल्याला शिव्या घालतो. चाकावर किंवा गार्डवर बाण असतो, तेवढा पाहा.

नळी

हेड ते टाकी ही नळी तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची का असते? एकाच टप्प्यात ८ बार दाबलेली हवा हेडमधून दीडशे अंशांच्या पुढेही तापून निघते. ती नळी चिरली म्हणून तिथे रबरी होज किंवा निळी पीयू नळी लावणारे आहेत. ती मऊ होते आणि एक दिवस सुटते. टाकीच्या पुढच्या लाइनला पाण्याचा पीव्हीसी पाइप वापरणारेही तेवढेच. पीव्हीसी हवेच्या दाबाखाली फुटला की त्याचे धारदार तुकडे उडतात, पाणी भरलेल्या पाइपसारखा नुसता भेगाळत नाही.

टाकीशी खेळ नको

आता जिथे मी गिऱ्हाइकाशी वाद घालतो ती गोष्ट. ३५ सेंटिमीटर व्यासाच्या टाकीचं एक टोक घ्या. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ९६२ चौरस सेंटिमीटर. ८ बारचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ८ किलोचा दाब म्हणजे त्या एका झाकणावर साडेसात टनांहून जास्त जोर. भरलेला ट्रक समजा. ती टाकी खालून गंजली आणि सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तर त्यावर वेल्डिंग करून किंवा लांबी भरून पुन्हा हवा भरायची नाही. एक भोक दिसतं तेव्हा आजूबाजूचा पत्राही आतून तेवढाच पातळ झालेला असतो. वेल्डर जवळच्या पत्र्याला तापवून अजून कमजोर करतो. मी अशी टाकी दुरुस्त करत नाही, भंगारात घालायला सांगतो. काहीजण रागावून दुसरीकडे जातात. जाऊ देत.

टाकी चांगली आहे की नाही ते तपासायचं असेल तर पाणी भरून, चालवायच्या दाबाच्या दीडपटीवर चाचणी करून घ्यायची, आणि ती करणाऱ्याकडूनच. पाणी का, तर ते दाबलं जात नाही. टाकी फुटलीच तर पाणी सांडतं, हवा मात्र टाकीचं तोफगोळ्यात रूपांतर करते.

सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याच्या जागी बोल्ट मारलेली टाकी माझ्याकडे आली आहे. त्या दिवशी मी मशीन चालू न करता मालकाला नवा व्हॉल्व्ह आणायला पाठवलं. महिन्यातून एकदा त्याची कडी ओढून हवा सोडा, म्हणजे तो चिकटत नाही.

आणि पाणी काढा, रोज. किती पाणी होतं याचा अंदाज नसतो म्हणून सांगतो. ३० अंशांच्या दमट पावसाळी हवेत घनमीटरमागे पंचवीस ग्रॅमच्या आसपास वाफ असते. मिनिटाला २०० लिटर हवा ओढणारं मशीन तासाला १२ घनमीटर ओढतं. दाबल्यावर त्यातली बहुतेक वाफ टाकीत पाणी होऊन बसते, म्हणजे तासाला साधारण पाव लिटर. दिवसात चार तास पंप चालला तर लिटरभर. एक महिना कॉक उघडला नाही तर छोटी टाकी अर्धी पाण्याची, आणि मग "टाकी लगेच भरते पण लगेच संपते" म्हणून स्विच बदलायला माणूस येतो.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतरचे दोन महिने मी दुसरं काही केलंच नाही. मशीन बाहेरून धुऊन, उन्हात वाळवून, चालू करून पाहिलेले सगळे पंप जास्त नुकसान घेऊन आले. फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असतं. ते दाबलं जात नाही, आणि मोटर जोर लावते तेव्हा पत्ती तुटते नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. पुरात बुडालेलं मशीन चालू करण्याआधी तेल काढा, हेड उघडा, सिलिंडर पुसा, गाळ धुऊन नवं तेल भरा. मोटर उघडून वाळवा आणि मेगर नावाच्या मीटरने इन्सुलेशन तपासल्याशिवाय तिला वीज देऊ नका. ज्यांनी हात न लावता तसंच आणून टाकलं, त्यांचं काम स्वस्तात झालं.

घड्याळ लावा

आता सगळ्यात सोपी गोष्ट, जी जवळजवळ कुणीच करत नाही. मशीन नवं असताना किंवा नीट दुरुस्त झाल्यावर टाकी रिकामी करा, मग बाहेरचा आणि ड्रेनचा कॉक बंद ठेवा आणि शून्यापासून पूर्ण दाबापर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. ४५ लिटरची टाकी ८ बारपर्यंत भरणं म्हणजे ३६० लिटर हवा. पंप मिनिटाला १२० लिटर देत असेल तर तीन मिनिटं. तो आकडा तारखेसकट ऑइल पेंटने टाकीवर लिहा. पुढे कधी "दाब कमी वाटतो" असं झालं की वाटण्यावर जाऊ नका, पुन्हा मोजा. साडेचार मिनिटं लागली तर आधी जोडण्यांवर साबणाचं पाणी लावा, मग फिल्टर काढून पुन्हा वेळ घ्या. फिल्टर काढल्यावर तीनच मिनिटं लागली, तर हेडच्या बोल्टला पाना लावायचं कारण नाही. नवा फिल्टर बसवा आणि टाकीवरच्या आकड्याखाली आजची तारीख टाका.